पाहुणे आणि पाहणारे

परदेशी हिंडून आलेल्या मनुष्याने तेथील लोकांविषयी ग्रंथ लिहावा, त्याच्या देशबांधवांनी तो आवडीने वाचावा, आणि ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांस पिढ्यान्‌पिढ्या त्याची गंधवार्ताही नसावी, हा प्रकार जगात इतका रूढ आहे की, त्यात नीतीचा काही प्रश्न असेल अशी शंकाच सहसा कोणास येत नाही. डोंगराचे वर्णन करावयाचे तर डोंगराची परवानगी लागत नाही. पण मनुष्याचे वर्णन करावयाचे झाल्यास त्या मनुष्याचे आपण काही देणे लागतो की नाही? लागत असू, तर ते कोणत्या नाण्यात फेडावयाचे? ह्या प्रश्नाचा थोडासा विचार करावा असे आमच्या मनात आहे.

ह्या प्रकाराचा अगदी ठळक मासला पाहावयाचा असेल तर तो तिबेटाचा. ज्या देशाची दारे परक्यास बंद होती त्या देशाविषयी जितके लिहिले गेले तितके उघड्या दारांच्या कित्येक देशांविषयी लिहिले गेले नसेल. जेम्स हिल्टन ह्या इंग्रज कादंबरीकाराने १९३३ साली तिबेटाच्या डोंगरांत ‘शांग्रि-ला’ नावाचे एक कल्पित खोरे वसविले. तेथे माणसे म्हातारी होत नाहीत आणि जगाची चिंता तेथवर पोहोचत नाही. हे खोरे इतके लोकप्रिय झाले की, खरे तिबेट त्याच्या सावलीत दिसेनासे झाले. पुढे १९५६ साली लोबसांग रांपा नावाच्या तिबेटी लामाचे आत्मचरित्र म्हणून एक पुस्तक निघाले व हातोहात खपले. दोन वर्षांनी शोध लागला तो असा की, हा लामा म्हणजे सिरिल हॉस्किन नावाचा इंग्रज असून त्याने तिबेटात कधी पाऊलही टाकलेले नव्हते. आम्हांस ह्या लबाडीपेक्षा तिच्या परिणामाचे अधिक आश्चर्य वाटते. लबाडी उघडकीस आल्यावरही पुस्तकाचा खप चालूच राहिला. वाचकांस तिबेटी मनुष्य नको होता. आपल्या मनात जो तिबेटी होता त्याला कोणीतरी दुजोरा द्यावा एवढेच हवे होते.

परंतु तिबेटाकडे बोट दाखवून स्वस्थ बसण्याचे कारण नाही. आम्ही येडगावकर ज्या कुकडीचे पाणी पितो तिच्याच काठी, वरच्या अंगाला थोड्याच कोसांवर जुन्नर आहे. आणि पश्चिमेकडून आलेल्या माणसांनी आपल्याकडे कसे पाहिले, ह्याचा जवळजवळ दोन हजार वर्षांचा पुरावा त्या एका गावाच्या आसपास पडलेला आहे. तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री ह्या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी खोदलेली आहेत. कोकणातून नाणेघाट चढून येणाऱ्या व्यापाराचे हे पहिले मोठे ठाणे, म्हणून भिक्षूंस दान देणारेही येथे नाना जातीचे व नाना धंद्यांचे. ह्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत तीन दाते आपणांस ‘यवन’ म्हणवितात. एकाचे नाव इरिल. त्याने पाण्याची दोन टाकी दिली. दुसरा चिट, त्याने संघासाठी भोजनमंडप दिला. तिसरा चंद, त्याने लेण्याचे दर्शनी काम करविले. पहिल्या दोघांच्या नावांपुढे ‘गतांचा’ असे विशेषण आहे. हे ‘गत’ कोण, ह्याविषयी पंडितांत वाद आहेत आणि ते मिटण्याचे चिन्ह नाही.

हे लेख वाचताना त्यांत काय नाही, ह्याकडे आमचे लक्ष पुन्हा पुन्हा जाते. येथील लोक कसे आहेत, ते काय खातात, त्यांच्या चालीरीती किती विचित्र आहेत, ह्याविषयी त्यांत अवाक्षर नाही. मी अमुक, मी हे दिले, एवढेच. आणि तेही यजमानांच्या भाषेत, यजमानांच्या लिपीत. हे यवन मनाने किती बौद्ध होते हे आज कोणी सांगू शकणार नाही. व्यापाऱ्याचे दान पुष्कळदा व्यापारासाठीही असते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण ज्या गावात धंदा केला त्या गावाला पाणी पिण्याची सोय करून द्यावी, आणि आपण परके आहो हे न लपविता द्यावी, ह्यातली रीत आम्हांस फार भारदस्त वाटते. पाहुणा आणि पाहणारा ह्यांतील भेद जर कोठे डोळ्यांस दिसत असेल तर तो येथे.

ह्यानंतरचा साक्षी पाहणाऱ्यांच्या वर्गातला आहे, पण त्याची गोष्ट साधी नाही. अफानासी निकितीन हा रशियातील त्वेर शहरचा व्यापारी. इ. स. १४७० च्या आसपास तो होर्मुझहून गलबताने चौल बंदरास उतरला आणि पालीवरून घाट चढून जुन्नरास आला. बरोबर एक घोडा होता. घोडे ह्या देशात पैदा होत नाहीत, म्हणून विकून चांगला नफा मिळेल हा हिशेब. वाटेत व्होल्गेच्या मुखापाशी लुटारूंनी त्याला आधीच नागविले होते. पैशाबरोबर त्याची धर्मपुस्तकेही गेली होती, आणि त्यामुळे उपास कोणता, सण कोणता, ह्याचा त्याला पुढे मेळ राहिला नाही. त्या गोष्टीचे दुःख त्याच्या टिपणांत वारंवार डोकावते.

चौलास उतरल्याबरोबर त्याने लिहिले काय? येथील लोक उघड्या अंगाने हिंडतात, डोक्यावर काही घेत नाहीत, बायका केसांची एक वेणी घालतात, हे त्याने टिपलेच. पण त्याबरोबर हेही टिपले की, आपण जेथे जातो तेथे मागे लोकांची झुंबड लागते आणि गोरा माणूस पाहून ते आश्चर्य करतात. आमच्या वाचनात आलेल्या प्रवाशांपैकी फारच थोड्यांनी ही दुसरी बाजू इतक्या सरळपणे नोंदविली आहे. पाहावयास आलेला मनुष्य आपणच प्रेक्षणीय ठरला, ह्याचा त्याला राग नाही, संकोचही नाही.

जुन्नरात तो पावसाळाभर राहिला. रात्रंदिवस पाऊस आणि चिखल, त्याच दिवसांत होणारी नांगरणी व पेरणी, घोड्यांना घालण्यात येणारा हरभरा आणि साखर-तूप घातलेली खिचडी, हे सारे त्याने लिहून ठेवले. त्या काळच्या जुन्नरात घोडी काय खात होती हे आज आपणांस ठाऊक आहे ते एका रशियनामुळे. आपल्यापैकी कोणी ते लिहिले नाही. रोजच्या खिचडीविषयी कोण लिहितो? परक्याच्या नजरेचा हा उपकार मान्य केल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

त्याच जुन्नरात त्याच्यावर प्रसंग आला. शहर तेव्हा बहामनी राज्यात होते आणि तेथील अधिकारी असदखान ह्याने त्याचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नसून ख्रिस्ती आहे असे कळताच खानाने त्याला पेच घातला: इस्लाम स्वीकारलास तर घोडा परत व वर हजार मोहोरा, नाही तर घोडाही जाईल आणि हजारांचा दंडही बसेल. मुदत चार दिवसांची. ऐन वेळी खोरासानचा एक महंमद नावाचा ख्वाजा मध्ये पडला, त्याने रदबदली केली, घोडा सुटला आणि धर्मही वाचला. एका मुसलमानाच्या जुलुमातून दुसऱ्या मुसलमानानेच त्याला सोडविले, ही गोष्ट एखाद्या जमातीविषयी घाऊक मते बनविणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे निकितीन ख्वाजा युसूफ खोरासानी ह्या नावाने वावरू लागला. मुखवट्याशिवाय निभाव नाही, असे त्याला जुन्नराने शिकविले.

परंतु बिदरास गेल्यावर त्याने तो मुखवटा हिंदू ओळखीच्यांपुढे उतरविला. मी मुसलमान नव्हे, ख्रिस्ती आहे, माझे नाव अफानासी, असे त्याने त्यांस सांगितले. आणि तेव्हापासून त्या लोकांनी खाणेपिणे, पूजाअर्चा, व्यापार, घरातली बायकामाणसे, ह्यांपैकी काहीच त्याच्यापासून लपविले नाही. त्यांच्याच सोबतीने तो ‘पर्वत’ नावाच्या क्षेत्री, म्हणजे श्रीशैलास, यात्रेलाही गेला. आमच्या प्रश्नाचे मर्म ह्या एका घटनेत आहे असे आम्हांस वाटते. ज्याने स्वतःविषयी खरे सांगितले त्याला दुसऱ्याचे खरे कळले. जोवर तो ख्वाजा युसूफ होता तोवर त्याला रस्ते, बाजार आणि फौजा दिसल्या. घरे दिसली नाहीत.

त्याने भाबडेपणाने लिहिलेल्या गोष्टीही आहेत. वानरांचा राजा असतो व त्याच्यापाशी सैन्य असते, आळंदचा ‘गुकुक’ पक्षी रात्री उडतो आणि ज्या घरावर बसेल तेथे मनुष्य मरतो, असल्या कथा त्याने खऱ्याच मानल्या. पण घुबड घरावर बसलेले आजही ज्यांस खपत नाही अशी कुटुंबे आमच्या आळीत आहेत. तेव्हा त्याला हसण्याचा अधिकार आम्हांस कितपत? त्वेरला तो पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याला मरण आले, आणि त्याची टिपणे व्यापाऱ्यांनी मॉस्कोस नेली. त्या टिपणांच्या शेवटी जी प्रार्थना आहे तिच्यात अरबी, फारसी आणि तुर्की शब्दांची सरमिसळ झालेली आहे. ती वाचून तो शेवटी कोणत्या धर्माचा राहिला, ह्याचा खल रशियन पंडित अजून करतात.

डॉक्टर जॉन फ्रायर ह्याची गोष्ट ह्याहून निराळी. हा ईस्ट इंडिया कंपनीचा शस्त्रवैद्य १६७५ साली मुंबईहून जुन्नरच्या मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून आला. छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन तेव्हा एक वर्ष झाले होते, पण त्यांचा जन्म जेथे झाला तो शिवनेरी मात्र मोगलांकडे होता. कल्याण-मुरबाडवरून येताना वाटाड्यांच्या चुकीने फ्रायरला अवघड घाट चढावा लागला. परतताना तो सोप्या नाणेघाटाने उतरला. निकितीन आला तो एकटा, लुटलेला आणि कोणाच्याही दयेवर. फ्रायरच्या पाठीशी कंपनी होती, आणि लेखणीत कंपनीचा ताठा. मराठ्यांच्या शिपायांविषयी त्याने लिहिले ते तुच्छतेने.

तथापि त्याच्या १६९८ साली छापलेल्या ग्रंथातील एक प्रसंग आम्हांस फार मोलाचा वाटतो. सुभेदाराच्या जनान्यातील एका स्त्रीस तपासण्यासाठी त्याला नेले तेव्हा पडद्यातून एक हात पुढे आला. नाडी पाहून त्याने सांगितले की, हिला काही आजार नाही. तो हात मुद्दाम पुढे केलेल्या धडधाकट दासीचा होता. फिरंगी वैद्याची परीक्षा पाहण्यासाठी केलेली ती युक्ती होती. परीक्षेत उतरल्यावर मग खऱ्या रोगिणीचा हात त्याच्या हाती आला. पुढे एकदा तो पडदाच अचानक खाली पडला आणि आतल्या सगळ्या बायका त्याच्या दृष्टीस पडल्या. त्या तोंडावर हात धरून बोटांच्या फटींतून त्याच्याकडे पाहत होत्या. आत काय होते? मुरंब्या-लोणच्यासाठी सोललेले आंबे व दुसरी फळे पसरलेली, आणि सुईकामाचे नमुने. जनान्याविषयी युरोपात ज्या कल्पना प्रचलित होत्या त्यांपैकी एकीचाही पुरावा त्याला तेथे मिळाला नाही, आणि ह्याबद्दल त्याला श्रेय दिले पाहिजे की, जे दिसले तेच त्याने लिहिले. लोणच्याच्या फोडी पाहून लोणच्याच्या फोडी असे लिहिणे सोपे वाटते. पण पुढच्या दोन शतकांतील पुष्कळ लेखकांस ते साधले नाही.

इंग्रजी अमलात पाहणाऱ्यांची जात बदलली. कर्नल साइक्स ह्याने जुन्नरच्या लेण्यांतील लेख उतरून घेतले, नाणेघाटाच्या लेण्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले, आणि ह्याच डोंगरांतल्या पाखरांची गणतीही केली. आमच्या शेजारच्या हिवऱ्यास डॉक्टर गिब्सन ह्याची औषधी वनस्पतींची सरकारी बाग होती. पुढे १८४७ साली तो मुंबई इलाख्याचा पहिला जंगलरक्षक झाला. ह्या लोकांनी काम मोठे केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्यांच्या दप्तरांत पक्षी, लेख, झाडे आणि माणसे एकाच प्रकारच्या रकान्यांत बसू लागली.

ही रकान्यांची दृष्टी बंदुकीबरोबर गेली म्हणजे काय होते ते तिबेटानेच पाहिले. १९०३-०४ साली फ्रान्सिस यंगहजबंड ह्याच्या मोहिमेने तिबेटात प्रवेश केला. ३१ मार्च १९०४ रोजी गुरू नावाच्या गावापाशी जुनाट बंदुका व तलवारी घेतलेल्या तिबेटी लोकांवर मॅक्सिम तोफा चालल्या आणि थोड्याच वेळात सहाशेहून अधिक माणसे मेली. जखमींची शुश्रूषा नंतर त्याच सैन्याच्या डॉक्टरांनी केली. ल्हासा सोडताना यंगहजबंडला डोंगरावर एकांतात साऱ्या विश्वाविषयी अपार प्रेमाचा साक्षात्कार झाला, आणि उरलेले आयुष्य त्याने पुष्कळसे धर्मांच्या ऐक्यासाठी वेचले. १९३६ साली लंडनमध्ये सर्वधर्मपरिषद स्थापिली. तो ढोंगी होता असे आम्ही म्हणत नाही. साक्षात्कार खरा असेल. पण त्याची किंमत ज्यांनी दिली त्यांस तो विचारून झालेला नव्हता. आणि हे लिहिताना दुसरीही गोष्ट लिहिली पाहिजे: त्या मोहिमेतले शिपाई बहुतेक शीख आणि गुरखे, म्हणजे आपलेच लोक होते. युरोपियनांच्या पाहण्याविषयी तक्रार करताना त्यांची बंदूक कोणाच्या खांद्यावर होती, हे विसरून चालणार नाही.

ह्याच्या उलट उदाहरणे त्याच देशाच्या इतिहासात आहेत. इप्पोलितो देसिदेरी हा इटालियन जेझुइट १७१६ साली ल्हासास पोहोचला तो बौद्ध मताचे खंडन करण्यासाठीच. पण खंडन करावयाचे तर आधी समजले पाहिजे, म्हणून तो सेरा मठात भिक्षूंबरोबर शिकला आणि आपले ग्रंथ त्याने तिबेटी भाषेत लिहिले. ज्याचे खंडन करावयाचे त्याला ते वाचता यावे, त्याचे उत्तर देता यावे, ही ती व्यवस्था. मतभेद उघड असला तरी ह्यात मनुष्याचा मान आहे. आणि दुसरा हंगेरीचा चोमा: मग्यार जातीचे मूळ शोधण्यास निघालेला हा फकीर झांस्करच्या कडाक्याच्या थंडीत, शेकोटीवाचून, एका लामाच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे तिबेटी पोथ्या वाचीत राहिला. त्याचा कोश आणि व्याकरण १८३४ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. ल्हासास जाण्याच्या वाटेवर दार्जिलिंगला १८४२ साली तो वारला. ज्याने ल्हासा पाहिले नाही त्याला तिबेटाविषयी जितके कळले तितके ल्हासा जिंकणाऱ्यास कळले नाही.

येथे कोणी म्हणेल की, तुम्ही पाहणाऱ्यावर फारच कर बसविता. वेष पालटून ज्यांनी देश पाहिले त्यांचे काय? अलेक्झांड्रा डेव्हिड-नील ही फ्रेंच विदुषी १९२४ साली भिकारणीच्या वेषात ल्हासास पोहोचली नसती तर तिचे ज्ञान जगास मिळाले नसते. आणि आपला नैनसिंग रावत? जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ओवून, पावले मोजीत, १८६६ साली तो ल्हासास गेला तो इंग्रज सरकारच्या मोजणीखात्यासाठी. आक्षेप खरा आहे. फसवणुकीनेही ज्ञान मिळते, आणि ते खोटे ठरत नाही. नैनसिंगाने मोजलेली अंतरे अंतरेच आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, अंतरे मोजणे आणि माणसे ओळखणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिले चोरून करता येते. दुसरे चोरून करू गेल्यास हाती लागते ते फक्त बाहेरचे कवच, आणि त्या कवचावरून आतल्या मनुष्याचे चित्र रंगविणारे फार.

आता प्रश्न आपल्यावर उलटतो, आणि तो उलटावा हेच बरे. १९५९ नंतर हजारो तिबेटी लोक आपल्या देशात आश्रयास आले. महाराष्ट्रातही, गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावाजवळ, नोर्गेलिंग नावाची त्यांची वसाहत १९७२ पासून आहे. थंडीच्या दिवसांत पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर लोकरी कपड्यांची दुकाने मांडणाऱ्या तिबेटी बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. किंमत पाडून मागण्यापलीकडे त्यांच्याशी आपण किती बोललो? त्यांस ‘नेपाळी’ किंवा ‘चिनी’ म्हणणारे सुशिक्षित लोक आम्हांस माहीत आहेत. ज्या देशातून पळून यावे लागले त्याच देशाचे नाव त्यांच्या माथी मारणे किती क्रूर आहे, हे त्या सद्गृहस्थांच्या ध्यानातही येत नाही. शांग्रि-ला रचणाऱ्या इंग्रजाने निदान त्यांची स्तुती तरी केली.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळ्यांची वस्ती आहे. पावसाळ्यात नाणेघाटाकडे आणि भीमाशंकराच्या वाटांकडे शहरांतून माणसांचे लोंढे येतात. धबधबा पाहतात, धुके पाहतात, आणि डोक्यावर मोळी घेऊन जाणारी म्हातारी पाहून तिचे छायाचित्र घेतात. तिला विचारीत नाहीत. तिच्या घरी हिरडा गोळा करून वर्षाची मीठमिरची भागते, त्या हिरड्याला यंदा भाव काय मिळाला. डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले त्यात तिच्या माहेरची जमीन गेली की काय. ह्यांपैकी काही त्या छायाचित्रात येत नाही. घरी परतल्यावर हेच लोक फ्रायरच्या ताठ्याविषयी तावातावाने बोलतात. आमच्या येडगावच्या धरणाच्या काठीही सुटीच्या दिवशी असे प्रेक्षक येतात. त्यांस पाणी दिसते. त्याखाली कोणाची शिवारे होती हे विचारणारा आम्हांस क्वचितच भेटला आहे.

डोंगर पाहण्यास कोणी येऊ नये असे आमचे म्हणणे नाही. येणाऱ्यांमुळे चार घरांत चहाभाकरीचे पैसे येतात आणि ते त्या घरांस हवेच असतात. पण भाकरी खाऊन पैसे टाकणारा आणि त्या ओट्यावर घटकाभर बसून आपले गाव कोणते, आपण कोणाचे, पोटापाण्यास काय करतो, हे आधी सांगणारा, ह्यांस एकच वागणूक मिळत नाही. पश्चिमेकडल्या वाड्यांत हिंडलेल्या कोणालाही हे विचारून पाहावे. पहिल्याला म्हातारी ‘सायब’ म्हणते व हिशेब चुकता करून आपल्या कामाला लागते. दुसऱ्याला ती उलट प्रश्न विचारते: पोरे किती, आईबाप आहेत का, पाऊस तुमच्याकडे कसा आहे. ह्या प्रश्नांची उत्तरे देण्यास ज्याला वेळ नसेल, त्याने तिच्याविषयी काही लिहू नये, एवढे तरी आम्ही नि:शंकपणे म्हणू.